खरेदी केंद्रावरच्या फोनांत जेटपॅक नेव्हिगेशन

अँड्रॉइडच्या ॲपमध्ये एका स्क्रीनवरून दुसरीवर जाणे, मागे येणे आणि त्या प्रत्येक वेळी स्क्रीन नव्याने उभी करणे, ही कामे सांभाळण्यासाठी गूगलने जेटपॅक नेव्हिगेशन ही लायब्ररी (ॲपमध्ये वापरायचा तयार कोड) दिलेली आहे. ती विनामूल्य असून अपाचे २.० परवान्याखाली खुली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या आवक-नोंदणीच्या ॲपमध्ये ती वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. ॲप लहान आहे: शेतकऱ्यांची यादी, शेतकऱ्याचे खाते, नवी आवक, सातबाऱ्याचा आणि पासबुकाचा फोटो, काट्यावरचे वजन, ओलाव्याचा आकडा आणि शेवटी पावती. ते वापरणारे मापारी आणि केंद्रावरची मुले आहेत. त्यांच्या हातात बहुधा २ किंवा ३ जीबी रॅमचे फोन असतात, आणि त्या फोनांत आधीच व्हॉट्सॲपचे गट, रील आणि सणावारांचे फोटो खच्चून भरलेले असतात. दसरा-दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की एका नोंदीला मिळणारा वेळ फार थोडा असतो.

अशा ठिकाणी लायब्ररीची एकच कसोटी महत्त्वाची ठरते. फोनने मध्येच ॲप बंद पाडले, तरी मापारी जिथे होता तिथेच, भरलेल्या आकड्यांसह परत येतो का? या कसोटीवर जेटपॅक नेव्हिगेशन निम्मे काम चोख करते आणि उरलेले निम्मे ॲप लिहिणाऱ्याच्या अंगावर टाकते. कोणते निम्मे कोणाचे, हे ज्याला आधी कळले त्याला ही लायब्ररी आवडते. ज्याला कळले नाही तो तिला विनाकारण दोष देत बसतो.

थोडे मागचे सांगणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये प्रत्येक स्क्रीनसाठी स्वतंत्र ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपची एक वेगळी खिडकी, लिहिण्याची पद्धत होती. २०११ साली अँड्रॉइड ३.० बरोबर फ्रॅगमेंट, म्हणजे ॲक्टिव्हिटीत बसणारे स्क्रीनचे तुकडे, आले आणि एकाच ॲक्टिव्हिटीत अनेक स्क्रीन बसवता येऊ लागल्या. परंतु कोणते फ्रॅगमेंट काढायचे, कोणते घालायचे, बॅक स्टॅकमध्ये (मागे जाण्यासाठी ठेवलेल्या स्क्रीनच्या चळतीत) त्याची नोंद ठेवायची की नाही, हे सारे जो तो आपापल्या पद्धतीने लिहीत असे, आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याला उलगडत नसे. २०१८ च्या गूगल आय/ओ परिषदेत जेटपॅक जाहीर झाले, त्यात नेव्हिगेशनचा समावेश होता, आणि मार्च २०१९ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. ॲपमधील सगळ्या स्क्रीन आणि त्यांच्यामधल्या वाटा एका ग्राफमध्ये मांडायच्या, स्क्रीन दाखवण्यासाठी नॅव्हहोस्ट नावाची एकच जागा ठेवायची आणि ये-जा फक्त नॅव्हकंट्रोलरमार्फत करायची, अशी तिची रचना आहे.

एक्सएमएलमध्ये लिहिलेला हा ग्राफ अँड्रॉइड स्टुडिओत (ॲप लिहिण्याच्या साधनात) बाणांसह चित्ररूपात दिसतो, आणि त्याचा एक लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. ज्यांचा कोडशी काहीही संबंध नाही अशा केंद्रप्रमुखांना ते चित्र दाखवून, “पावती झाल्यावर बॅक दाबले तर यादीवर जायचे की शेतकऱ्याच्या खात्यावर?” असे सरळ विचारता येते आणि त्यांच्याकडून सरळ उत्तर मिळते. कंपोज, म्हणजे स्क्रीन थेट कॉटलिन भाषेत लिहिण्याची गूगलची नवी पद्धत, तिच्यात ग्राफ कोडमध्येच लिहावा लागत असल्याने हे चित्र हातचे जाते, याचे मला अजूनही वाईट वाटते.

आता स्क्रीन उभी करण्याबद्दल. फ्रॅगमेंट वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे, ती म्हणजे फ्रॅगमेंटचे आयुष्य आणि त्याच्या व्ह्यूचे (पडद्यावर दिसणाऱ्या भागाचे) आयुष्य वेगवेगळे असते. यादीवरून शेतकऱ्याच्या खात्यावर गेलो की यादीचे फ्रॅगमेंट बॅक स्टॅकमध्ये शिल्लक राहते, पण त्याचा व्ह्यू नष्ट होतो. परत आलो की तो पुन्हा बनवला जातो. ही व्यवस्था कमी रॅमच्या फोनांसाठी हिताचीच आहे, कारण पाच स्क्रीन आत गेलेल्या माणसामागे पाच स्क्रीनचे व्ह्यू मेमरीत लोंबकळत राहत नाहीत. मात्र त्यामुळे डेटावर लक्ष ठेवणारे ऑब्झर्व्हर फ्रॅगमेंटच्या नव्हे, तर व्ह्यूच्या आयुष्याला बांधावे लागतात. ViewLifecycleOwner या नावाची सोय त्यासाठीच आहे, आणि ती टाळली तर प्रत्येक फेरीला एक ऑब्झर्व्हर वाढत जातो. यादी परत उघडताना ती पहिल्या नावापासून सुरू होते, ही तक्रारही याच कारणाने येते: व्ह्यू बनतो तेव्हा यादी अजून रिकामी असते, स्क्रोलची जुनी जागा रिकाम्या यादीत लावली जाते आणि वाया जाते. यादी दाखवणाऱ्या रिसायकलरव्ह्यू या घटकाच्या १.२.० आवृत्तीपासून यादी भरेपर्यंत जागा लावणे थोपवून धरण्याची सोय त्याला माहिती पुरवणाऱ्या ॲडॅप्टरमध्येच मिळाली आहे. आडनावांच्या क्रमाने लावलेल्या लांबलचक यादीत ‘वानखडे’पर्यंत उतरलेल्या मापाऱ्याला पुन्हा ‘आत्राम’पासून खाली यावे लागू नये, एवढ्यासाठी ती ओळ लिहावीच.

खरी परीक्षा कॅमेऱ्याची आहे. नवी आवक भरताना वजन आणि ओलावा टाकून झाला, की सातबाऱ्याचा फोटो घेण्यासाठी फोनचा कॅमेरा उघडतो. कॅमेऱ्याला भरपूर मेमरी लागते, आपले ॲप त्या क्षणी पडद्यामागे गेलेले असते, आणि २ जीबीच्या फोनमध्ये सिस्टीम निःशंकपणे त्याची प्रक्रिया, म्हणजे मेमरीत चालू असलेले ॲपच, संपवून टाकते. फोटो काढून मापारी परत आला की ॲप शून्यातून सुरू होते. “भाऊ, फोटो काढला अन् सारंच पुसलं ना!” हे वाक्य गावाकडे ॲप देणाऱ्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा ऐकलेले असते.

येथे लायब्ररी आपला वाटा बिनचूक उचलते. नॅव्हकंट्रोलर संपूर्ण बॅक स्टॅक सिस्टीमच्या हवाली करून ठेवतो. प्रक्रिया मेली तरी सिस्टीमकडची ती नोंद राहते, आणि ॲप पुन्हा उभे राहते तेव्हा मापारी मुखपृष्ठावर न जाता थेट ‘नवी आवक’ याच स्क्रीनवर, त्याच शेतकऱ्याच्या क्रमांकासह उतरतो. खालच्या स्क्रीनचे व्ह्यू तो मागे जाईल तेव्हा बनतात. परंतु व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे स्क्रीनची माहिती मेमरीत धरून ठेवणाऱ्या वस्तूमध्ये, ठेवलेले सगळे गेलेले असते. फोन आडवा केल्यावर व्ह्यूमॉडेल टिकते, म्हणून ते सर्वच प्रसंगी टिकेल असा अनेकांचा समज असतो. प्रक्रिया संपल्यावर ते टिकत नाही. जुन्या पद्धतीच्या मजकूर-चौकटीला आयडी दिलेला असेल तर तिच्यातला मजकूर आपोआप परत येतो. कंपोजमध्ये त्यासाठी rememberSaveable वापरावे लागते. आणि बाकीचे आकडे सेव्हस्टेटहँडलमध्ये (SavedStateHandle, सिस्टीमकडे सांभाळून ठेवायच्या माहितीची जागा) आपण स्वतः ठेवायचे असतात.

त्यातही फोटोची एक खोच आहे. फोटो घेण्याच्या तयार करारात, म्हणजे टेकपिक्चरमध्ये, कॅमेरा आपल्याला फक्त ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ एवढेच कळवतो. फोटो कोणत्या फाइलमध्ये साठवायचा तो पत्ता आपणच आधी दिलेला असतो. तो पत्ता साध्या चलामध्ये (व्हेरिएबलमध्ये) ठेवला असेल, तर ॲप परत उभे राहिल्यावर ‘फोटो झाला’ असा निरोप येतो आणि फोटो कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. फाइल फोनमध्ये पडून असते, पावतीवर मात्र सातबारा कोरा. पत्ता सेव्हस्टेटहँडलमध्ये टाकला की हा प्रश्न एका ओळीत सुटतो.

फोटोच उचलून पुढच्या स्क्रीनला देण्याचा मोह काहींना होतो, तो आवरावा. स्क्रीनला द्यायची माहिती सिस्टीमच्या ज्या मार्गाने जाते त्याची मर्यादा १ एमबीच्या आसपास आहे आणि ती सगळ्या व्यवहारांत मिळून आहे. ती ओलांडली की ॲप कोसळते. पुढच्या स्क्रीनला फक्त क्रमांक द्यावा आणि तिने आपली माहिती डेटाबेसमधून घ्यावी. आम्ही तर अर्धवट भरलेली आवकही ‘कच्ची नोंद’ म्हणून फोनमधल्या डेटाबेसमध्येच ठेवतो, कारण बॅटरी संपून फोन बंद पडला तर सेव्हस्टेटहँडलचाही उपयोग नसतो.

हे सगळे तपासायचे कसे, याबद्दल दोन शब्द. विकसकांसाठीच्या सेटिंगमध्ये पडद्यामागच्या ॲक्टिव्हिटी लगेच नष्ट करण्याचा पर्याय असतो आणि बहुतेक जण तो चालू करून समाधान मानतात. त्याने ॲक्टिव्हिटी आणि तिचे व्ह्यूमॉडेल जाते, पण प्रक्रिया जिवंत राहते. त्यामुळे एखाद्या सिंगलटनमध्ये (प्रक्रिया जिवंत असेपर्यंत राहणाऱ्या एकमेव वस्तूमध्ये) ‘निवडलेला शेतकरी’ ठेवलेला असेल तर ती चूक त्या तपासणीत लपून जाते आणि केंद्रावर उघडी पडते. ॲप पडद्यामागे पाठवून संगणकावरून फोनला आदेश देणाऱ्या एडीबी या साधनातून am kill हा आदेश द्यावा आणि मग अलीकडच्या ॲपच्या यादीतून ते पुन्हा उघडावे. खरी स्थिती तेव्हाच दिसते.

पावतीनंतरच्या परतीच्या वाटेबाबत लायब्ररीला पूर्ण गुण द्यावे लागतील. पावती निघाल्यावर मापाऱ्याने बॅक दाबले आणि भरलेला अर्ज पुन्हा समोर आला, तर घाईत तो पुन्हा ‘जतन करा’ दाबतो आणि एकाच गाडीची आवक दोनदा चढते. हिशेबाच्या दिवशी क्विंटलमागे क्विंटल जुळत नाहीत आणि सगळे मापाऱ्याकडे संशयाने पाहतात. पावतीकडे जातानाच popUpTo सांगून अर्जाच्या सगळ्या पायऱ्या स्टॅकमधून उतरवता येतात, आणि बॅक दाबल्यावर थेट शेतकऱ्याचे खाते येते. अर्जाच्या पायऱ्या एका आतल्या ग्राफमध्ये ठेवून त्या ग्राफपुरतेच एक व्ह्यूमॉडेल वापरणे, ही त्याला जोडून असलेली सोय फार उपयोगी आहे: वजन, ओलावा आणि फोटो या तिन्ही स्क्रीन एकच माहिती पाहतात, आणि ग्राफ स्टॅकवरून उतरला की ते व्ह्यूमॉडेलही संपते. मागच्या गाडीचा ओलावा पुढच्या गाडीला चिकटण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि जिथे कापसाचा ओलावा ८ टक्के आहे की १२ टक्के यावर भाव आणि खरेदी दोन्ही ठरतात, तिथे ही गोष्ट लहान नाही.

उणिवांकडे येतो. पहिली उणीव दोनदा दाबण्याची. मंद फोनवर बटण दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो. फ्रॅगमेंटच्या ग्राफमध्ये पुढे जाण्याची वाट त्या-त्या स्क्रीनच्या नावावर लिहिलेली असते; पहिल्या दाबाने सध्याची स्क्रीन बदललेली असते, दुसऱ्या दाबाला ती वाट सापडत नाही आणि ॲप बंद पडते. ही अडचण जुनी आणि सर्वज्ञात आहे. लायब्ररीने असा दुसरा दाब मुकाट्याने सोडून द्यायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे; वाट चुकीची लिहिली असेल तर ते विकसकाला कळावे म्हणून ॲप पाडणे समजू शकते, पण त्याची किंमत धुळीने माखलेल्या हातांनी फोन वापरणाऱ्याने का मोजावी? कंपोजमध्ये ॲप पडत नाही, पण एकच स्क्रीन दोनदा रचली जाते, आणि मागे येण्याचे स्वतः ठेवलेले बटण भरभर दोनदा दाबले तर स्टॅक रिकामा होऊन पांढरा पडदा उरतो. पहिल्यावर launchSingleTop (तीच स्क्रीन वर असेल तर दुसरी न रचणे) हा उपाय आहे. दुसऱ्यासाठी स्क्रीन पूर्ण जागृत अवस्थेत आहे की नाही हे पाहूनच मागे जावे लागते.

दुसरी उणीव आता दूर झाली आहे, तरीही सांगतो, कारण जुन्या आवृत्तीवर चालणारी ॲप अजून पुष्कळ आहेत. कंपोजमध्ये सुरुवातीला स्क्रीनचा पत्ता म्हणजे वेबच्या पत्त्यासारखी एक अक्षरमालिका असे, आणि तिरप्या रेघांच्या मध्ये माहिती घालावी लागे. आमच्याकडे जमिनीचा गट क्रमांक ११२/२ असा असतो. तो जसाच्या तसा पत्त्यात घातला की त्यातली तिरपी रेघ पत्त्याचाच भाग समजली जाते, असा पत्ता ग्राफमध्ये नाही असे लायब्ररी सांगते आणि ॲप कोसळते. हिस्सा न पडलेल्या गटांसाठी सगळे सुरळीत चालते, म्हणून कार्यालयातल्या तपासणीत हे सापडत नाही. भावाभावांत वाटणी झालेला पहिला शेतकरी आला की सापडते. सप्टेंबर २०२४ मधील २.८ या आवृत्तीपासून पत्ता म्हणून कॉटलिनचा एक सिरियलायझेबल (साठवता येईल अशा रूपात बदलणारा) क्लास देता येतो, चिन्हांची काळजी लायब्ररी घेते आणि माहितीचा प्रकार चुकला तर तो कंपाइल करतानाच कळतो. फ्रॅगमेंटवाल्यांना हीच सुरक्षितता सेफ आर्ग्ज या प्लगइनमुळे पहिल्यापासून होती.

तळाच्या टॅबबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लायब्ररीच्या २.४ आवृत्तीपूर्वी एका टॅबवरून दुसऱ्यावर जाऊन परतले की पहिल्या टॅबमधली खोलवरची जागा हरवत असे. ती तक्रार त्या आवृत्तीने मिटवली. सूचनेवरून थेट एखादी स्क्रीन उघडण्याची व्यवस्थाही उत्तम आहे: ‘चुकारा (मालाचे पैसे) जमा झाला’ या सूचनेवर बोट ठेवले की पावती उघडते, आणि तिच्यामागे ग्राफमधल्या सुरुवातीच्या स्क्रीन लायब्ररी स्वतः रचून ठेवते. त्यामुळे बॅक दाबल्यावर माणूस ॲपच्या बाहेर फेकला जात नाही.

मे २०२५ मध्ये गूगलने नेव्हिगेशन ३ जाहीर केले, आणि तेव्हापासून नव्या ॲपसाठी कोणते घ्यावे हा प्रश्न विचारला जातो. नावात तीन असले तरी ही जुन्याची पुढची आवृत्ती नसून नव्याने लिहिलेली लायब्ररी आहे आणि ती फक्त कंपोजसाठी आहे. तिच्यात बॅक स्टॅक म्हणजे आपल्याच ताब्यातली एक साधी यादी असते. यादीत एक नोंद घातली की पुढची स्क्रीन, शेवटची काढली की मागची. कोणत्या नोंदीला कोणती स्क्रीन हे आपण सांगायचे आणि नॅव्हडिस्प्लेने ती दाखवायची. popUpTo आणि त्याच्या उपकलमांची घोकंपट्टी यात संपते. पावती निघाल्यावर अर्जाच्या पायऱ्या यादीतून गाळून टाकणे ही कॉटलिनची एक ओळ होते, आणि तीच नोंद दोनदा येऊ न देणे ही दुसरी. मोठ्या टॅबलेटवर डावीकडे शेतकऱ्यांची यादी आणि उजवीकडे खाते अशी एकत्र मांडणी करण्यासाठी तिच्यात ‘सीन’ची कल्पना आहे, जी जुन्या लायब्ररीत ओढूनताणून बसवावी लागते.

मात्र ताबा आपल्याकडे आला की जबाबदारीही येते. यादी rememberNavBackStack वापरून बनवली आणि तिच्यातल्या नोंदी सिरियलायझेबल ठेवल्या, तरच ती कॅमेऱ्याच्या प्रसंगातून वाचते. साधी यादी ठेवली तर मापारी मुखपृष्ठावर जाऊन पडतो आणि जुन्या लायब्ररीने फुकट दिलेले संरक्षणही हातचे जाते. प्रत्येक स्क्रीनला तिच्याच आयुष्याइतके व्ह्यूमॉडेल हवे असेल तर त्यासाठीचा डेकोरेटर (स्क्रीनला ही सोय देणारा भाग) आठवणीने जोडावा लागतो. सूचनेवरून आत येताना मागच्या स्क्रीनची रांग आपणच यादीत रचायची असते. यांतले काहीही अवघड नाही, पण जो नवशिक्या जुन्या लायब्ररीवर न कळत तरून जाई, तो येथे बुडण्याची शक्यता अधिक आहे.

फ्रॅगमेंटवर चालणारे ॲप असेल तर ते जेटपॅक नेव्हिगेशनवरच राहू द्यावे; केवळ नव्याच्या हौसेपोटी ते मोडण्यात अर्थ नाही. कंपोजमध्ये आज कोऱ्या पानावर सुरुवात करणाऱ्याने, त्याला प्रक्रिया संपण्याचा प्रकार नीट समजलेला असेल तर, नेव्हिगेशन ३ घ्यावे. दोन्ही गटांनी एक काम मात्र टाळू नये. अर्धवट अर्ज सोडून जाणाऱ्याला ‘नोंद टाकून द्यायची का?’ असे विचारण्यासाठी जुन्या ॲपमध्ये onBackPressed अडवलेले असते, आणि अँड्रॉइड १६ ला लक्ष्य ठरवून बनवलेल्या ॲपमध्ये, त्या किंवा नंतरच्या आवृत्तीच्या फोनवर, मागे जाण्याची पूर्वझलक दाखवणारी नवी पद्धत आपोआप लागू होत असल्याने, ते फंक्शन बोलावलेच जात नाही. प्रश्न न विचारता अर्ज बंद होतो. त्याजागी ऑनबॅकप्रेस्डकॉलबॅक किंवा कंपोजमधील बॅकहँडलर वापरावा लागतो. हा बदल सोयाबीनची आवक सुरू होण्यापूर्वी, केंद्र रिकामे असतानाच करून, सगळ्यांत स्वस्त फोनवर तपासून घ्यावा.